नापास फोटो

कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो कंप्युटरवर घेताना मी कॉपीऐवजी कट केलं, आणि अर्ध्यातच कार्ड उपसलं. फोटो इथंही राहिले नाहीत, तिथंही पोचले नाहीत. त्यात वारलेल्या सासऱ्यांचा फेटा बांधलेला फोटो होता. चार दिवसांवर त्यांचं वर्षश्राद्ध, आणि फ्रेम मीच करून आणणार असं घरात जाहीर करून बसलो होतो.

पालमच्या बसस्टँडसमोरचा एक फोटोवाला गेलेले फोटो परत काढून देतो, असं कळलं. पन्नाशीचा माणूस, कानाला पेन. लेकराच्या डोळ्यात घालावी तशी हलकी फुंकर त्याने कार्डावर घातली, कार्ड कंप्युटरला लावलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसला.

"तुमीच बघा. लोकाच्या घरातलं मी बघत न्हाई."

फेटेवाला फोटो आलाच नाही. आले ते मीच पूर्वी नापास करून खोडलेले. शेतातल्या आखाड्यावर, खोपीसमोर बसून हुरडा खाताना सासरे, गाल फुगलेले, डोळे मिटून हसणारे.

"हे नकोत," मी म्हणालो, "बिघडलेले आहेत."

"फोटो पायजे कुणाला?"

"बायकोला. तिचे वडील."

"मग तिला इचारा की. निकाल तुमी कशाला द्यायलाव?" रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला.

घरी येऊन मी चूक कबूल केली आणि जे होतं ते दाखवलं. बायकोने हुरड्याच्या एका फोटोवर बोट ठेवलं.

"हाच लावा," ती म्हणाली. "फेट्यात बसले होते ते तुमचे सासरे. हे माझे आप्पा."