कोरडं चाक

कल्पना करा, तुम्ही ट्रकखाली उताणे पडला आहात. गिअरबॉक्स उतरवून बाजूला ठेवलाय आणि तुमच्या छातीवर भरल्या गॅस सिलिंडरएवढं जड, गोल लोखंडी चाक आहे. याला फ्लायव्हील म्हणतात. हे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवायचं. बोल्टांची भोकं एकाच तऱ्हेनं जुळतात. चाक जरा फिरलं की एक भोक हटून बसतं. दोन्ही हातांनी ते वर तोलून धरायचं आणि दुसरा माणूस पहिला बोल्ट लावेपर्यंत हलायचं नाही.

खंडेनवमीच्या दुपारी पिरनवाडीच्या गॅरेजात नागेंद्र असा पडला होता. चाक तोलता तोलता तो कण्हत होता.

"कण्हतोस काय बाळंतिणीगत?" मिस्त्री भावकूअण्णा बोल्ट फिरवत म्हणाला. "क्लचवर पाय ठिवून गाडी हाकताना मजा वाटत हुती न्हवं?"

"अण्णा, आदी बोल्ट लावा, मग शिव्या द्या."

"शिव्या फुकट हायत, घे. बोल्ट नवा हाय, तो सावकाशच बसतोय."

भावकूअण्णाचं खोटं नव्हतं. नागेंद्र वडगावच्या विणकर घरातला. वडील गेले, साड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा त्यानं माग विकून हा जुना ट्रक घेतला. माग उचलून नेले त्या दिवशी त्याची आई गुणाबाई परसात जाऊन उभी राहिली, एवढंच. नागेंद्र ट्रक चालवायला लवकर शिकला, जपायला उशिरा. चढावर क्लच अर्धा दाबून ठेवायची खोड लागली. क्लच प्लेट झिजली, तिच्यातले रिव्हेटचे खिळे उघडे पडले, त्यांनी फ्लायव्हीलवर चर पाडले आणि तापून तापून शेवटी चाकाला तडे गेले.

आता सगळं आजच्या दिवसावर आलं होतं. निपाणीकडच्या साखर कारखान्याच्या आवारात खंडेनवमीला दिवस मावळताना गाड्यांची पूजा होते. पूजेला जी गाडी उभी, तिलाच हंगामभर ऊस वाहायला मिळतो. जी नाही, तिची जागा फाटकाबाहेर ताटकळलेल्या दुसऱ्या गाडीला. तसं झालं तर कमाईशिवाय नागेंद्रचा ट्रक भंगारात जाणार होता. घरात माग नाही, दारात गाडी नाही, मग काय?

सकाळी भावकूअण्णानं नवं फ्लायव्हील पेट्रोलनं स्वच्छ धुऊन, वाळवून पोत्यावर ठेवलं होतं. गुणाबाई भाकरी घेऊन आली. नागेंद्र आणि मिस्त्री मागच्या बाजूला जेवायला बसले, तोवर तिनं ट्रकला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पिशवी सावरत ती वडगावला परत गेली. जेवण होताच दोघे घाईनं ट्रकखाली शिरले. फ्लायव्हील चढलं, त्यावर क्लच प्लेट बसली, गिअरबॉक्स जागेवर गेला.

गॅरेजाबाहेर पडताना ट्रक लोण्यासारखा चालला.

निपाणीच्या वाटेवर काकती सोडल्यावर चढ लागला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. नागेंद्रनं खालचा गिअर टाकला. आवाज वाढला, ट्रक मात्र मंदावत गेला आणि जागीच उभा राहिला. करपल्याचा वास आला. त्यानं खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला आणि भावकूअण्णाला फोन केला.

"अण्णा, क्लच धरंना! इंजिन फिरतंय, गाडी जाग्यावर!"

"तेलकट झालं असंल."

"तुमीच धुतलं की पेट्रोलनं!"

"धुतलं म्हणूनच इचारतोय. कुणी हात लावला त्याला?"

शेजारून हार घातलेल्या, ऊस बांधायच्या साखळ्या खणखणवत गाड्या वर जात होत्या. सगळ्या पूजेलाच निघालेल्या. तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोचलास व्हय रं?"

"वाटंत हाय."

"पळतीय न्हवं गुमान? पळणारच. तुमी बापये नुसतं वरनं हार घालता आन् आतलं चाक बसवता कोरडंच. मागाचा एक भाग मी कवा कोरडा बसू दिला न्हाय. तुमी जेवत हुता, तवा तेल लावून, पदरानं पुसून ठिवलं बघ. फिरणाऱ्या जिनसीला तेल नगं?"

फ्लायव्हीलचं तोंड ही ट्रकमधली अशी जागा, जिथं तेलाचा थेंब चालत नाही. तिथं क्लच प्लेट कोरडी घासून धरते, तेव्हा ट्रकची चाकं फिरतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नागेंद्रा? गप का?"

"काय न्हाय. चांगलं केलंस आई."

त्यानं पुन्हा मिस्त्रीला फोन करून सांगितलं. भावकूअण्णानं या वेळी टोमणा मारला नाही.

"ऐक," तो म्हणाला. "थोडं लागलं असंल, तर तापून जळून जातंय. क्लच सोडत, दाबत बघ. एवढा चढ गेला की पुढं उतार हाय. पर लई लागलं असंल तर प्लेट तेल पिऊन बसली म्हणून समज. मग गिअरबॉक्स परत खाली. आज न्हाय जमत. आन् तरीबी रेटलास, तर नवं फ्लायव्हील तडकंल."

"थोडं का लई, कसं कळायचं?"

"लावणारीला इचार की!"

नागेंद्रनं आईचा नंबर काढला. विचारलं की ती कारण विचारणार. कारण कळलं की आपल्या हातानं पोराची गाडी बसली, हे तिला आयुष्यभर पुरणार. बोट स्क्रीनवर टेकलं नाही.

तो केबिनमध्ये चढला. क्लच हळूच सोडला. ट्रक वीतभर सरकला, धूर आला, थांबला. पुन्हा सोडला. वीतभर. समोरच्या काचेत ऊन तांबडं व्हायला लागलं होतं. हे तेल जळतंय की प्लेट, वासावरून कळत नव्हतं.

मोबाईल मांडीवर पडला होता, आईचा नंबर अजून समोर होता. त्याला तिला एवढंच विचारायचं होतं: आई, तेल बोटानं लावलंस, का तळव्यानं?