जमनाने पारखलेली तबकडी

घिवलीच्या जमनाला फसवणं सोपं नव्हतं. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती बोईसरच्या बाजाराला जायची. पण ती पाटी विकत घेताना वरचे बोंबील बाजूला सारून आधी तळातले हुंगायची. भगताने अंगारा दिला, तर "कुठल्या चुलीतला?" असं तोंडावर विचारायची. मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा ही न कळवता मागच्या दाराने जाऊन त्या घरची भांडी-चूल बघून आली होती. लोक तिला हसत. पण सोनं घ्यायचं झालं की तिलाच सोबत नेत.

१९६५ सालचा पाऊस सरत आला होता. पाकिस्तानशी लढाई पेटली होती. किनाऱ्याला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे परदेशी साहेब यायचे. पोलीसपाटील पुंडलिकने दवंडी दिली होती, की संशयाची गोष्ट दिसली तर कळवा. गाव एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघायला लागलं होतं. मुंबईहून पाहुणा आला तरी शेजारी त्याची पिशवी न्याहाळत.

अशात नरहरी सावे गावी परतला. तो फिरत्या तंबूच्या सिनेमात ऑपरेटर होता. तंबू मोडला आणि त्याच्याकडे एक जनरेटर नि जुन्या प्रोजेक्टरचे सुटे भाग उरले. ते सगळं त्याने वाडीतल्या पेंढ्याच्या वखारीत नेऊन ठेवलं, झरोक्यांना गोणपाट लावलं, आणि दिवसाढवळ्या आतून घुरघुर ऐकू येऊ लागली.

एका दुपारी बाजारातून परतताना जमना तिथे थबकली. रिकामी पाटी खाली ठेवून तिने कुडाच्या फटीला डोळा लावला. आत अंधार होता. पत्र्याची एक मोठी गोल तबकडी भिंगरीसारखी फिरत होती. तिच्या एका कडेला काडेपेटीएवढा लालसर उजेड होता, आणि त्या उजेडात बाईचं नुसतं तोंड. त्याने पापणी मिटली आणि उघडली.

जमना तिथून निघाली ती थेट पुंडलिकच्या ओटीवर.

"पाटील, नरहरी वखारीत कायतरी नको ते करतो हाय. तबकडी फिरते नि तिच्यात बायचा मुंडका दिसतो. जित्ता!"

"जमनाबाय, ऊन लागला काय तुला?"

"ऊन लागला तर घरी जाऊन निजली असती. तू चल नि बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक हवालदाराला घेऊन आला. मागोमाग अर्धं गाव. नरहरीचा चेहरा उतरला. त्याची बायको शैला दारात पदराचं टोक चावत उभी होती.

"ट्रान्समीटर आहे का हा? कोणाला खबर देतोस?" हवालदाराने विचारलं.

"नाय साहेब. टेलिव्हिजन म्हणतात याला. जुन्या तऱ्हेचा. माणूस भिंतीपलीकडे बसतो, चित्र अलीकडे दिसतं. तुमी काल शैलालाच पाहिलंत, जमनाबाय."

त्याने वखारीच्या मधल्या कुडातून आरपार गेलेला लोखंडी दांडा दाखवला. दांड्याच्या दोन टोकांना दोन तबकड्या, आणि दोन्हींना गोगलगाईच्या शंखासारखी आत वळत गेलेली बारीक भोकं. पलीकडची तबकडी फिरली की एकेक भोक चेहऱ्याच्या एकेका पट्टीवरून जातं. तिच्यामागे प्रोजेक्टरमधला विजेचा डोळा बसवलेला. त्याला उजेड कमी दिसला की तारेने जोडलेला अलीकडचा दिवा मंद होतो, जास्त दिसला की तेजाळतो. अलीकडची तबकडी त्या पट्ट्या पुन्हा जागच्या जागी मांडते.

हवालदाराला यातलं काही पटलं नाही. "फिल्म लपवली असशील कुठेतरी."

तेव्हा जमना पुढे झाली. "थांबा. याला बाहेर आंगणात उभा करा. माझी बहीण सोजरा बसेल आत. ती काय करेल ते तिला नि मलाच ठावं."

दांडा जायच्या भोकातून पलीकडे डोकावता येतं, म्हणून तिने त्याच्याभोवती फडकं बांधून घेतलं. सोजराच्या कानात ती बराच वेळ कुजबुजली. मग स्वतः अलीकडे तबकडीसमोर बसली. पाठीशी हवालदार नि पुंडलिक.

शैलाने जनरेटर सुरू केला. लाल उजेडात रेघारेघांचं काहीतरी थरथरलं, हळूहळू त्याचं नाक झालं, कपाळ झालं, आणि सोजरा दिसली. तिने बोट उचलून नाकावर ठेवलं.

"ठरल्याप्रमाणेच?" पुंडलिकने विचारलं.

"गप. अजून एक हाय."

थोडा वेळ सोजरा तशीच बसली. मग ती एका बाजूला सरकली आणि उजेडात कोणीच उरलं नाही. फक्त तिच्या मागच्या कुडाच्या काड्या.

"उठून ये म्हणून सांगितलं होतं मी तिला," जमना हळूच म्हणाली. "फिल्लममध्ये माणूस भरता येईल. पण बाय कधी उठेल ते फिल्लमला कसं कळेल? खरा हाय हा."

हवालदाराने पटल्यासारखी मान डोलावली, आणि तरीही दोन्ही तबकड्या दांड्यावरून काढायला लावून चौकीत नेल्या. लढाईचे दिवस आहेत म्हणाला. जमनाला आता हवालदाराचाच संशय आला, तबकड्या परत देतो की नाही. बाजारातून येताना ती रोज वाट वाकडी करून चौकीत जायची आणि दारातच फतकल मारून बसायची. मासळीच्या वासाने कंटाळून एक दिवस त्यांनी तबकड्या तिच्या पुढ्यात टाकल्या. एक वाकली होती.

गावात मात्र उलटंच झालं. "जमनाला भूल घातली नरहरीनं," असं लोक म्हणू लागले. सोनं घ्यायला तिला कोणी नेईना. तिला ते फार लागलं. ती नरहरीकडे गेली.

"दुसरी तबकडी कर. मी दारात उभी राहते. ज्याला संशय हाय, त्याने आपली माणसं घेऊन यावी, आपली खूण सांगावी."

थंडी पडेपर्यंत नरहरीने नवा पत्रा कापला. पहिला आला तो पुंडलिक, आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन. कोणती खूण करायची ते त्याने जमनालाही कळू दिलं नाही. पलीकडे म्हातारीने खूण करायची सोडून कवळी काढून दाखवली, आणि अलीकडे पुंडलिक खो खो हसत सुटला. मग रांगच लागली.

पुढच्या उन्हाळ्यात नरहरीला बांधकामावर वायरमनचं काम मिळालं. वखारीत पुन्हा पेंढा भरला. जायच्या आधी त्याने जमनाला विचारलं, "एवढ्या जणांनी पाहिलं. आता तरी तुमचा पुरता विश्वास बसला ना?"

"तबकडीवर बसला," ती म्हणाली. "तुझ्यावर बघू."