बाईंचा फाकलेला पंजा

आजाराला दारात उभं करून त्याचीच उलटतपासणी घेणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि माझ्या नशिबानं तीच माझी घरमालकीण. मी बीडकडचा, सातवीत शाळा सोडलेला. मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलतो. बाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण वर्ग अजून सुटलेला नाही. मीटर बघायला माणूस आला तरी त्याच्या नाकासमोर पंजा फाकवून म्हणणार, "ही बघ डेंड्रिटिक पेशी. अशी फांद्याफांद्यांची." मासळीवाली तेवढी ऐकत नाही. "बाई, आधी बांगडे घेवा, पेशी मागनं बघू."

एकदा कोळंबीचा काटा माझ्या बोटात घुसला नि काखेत अवधाण आलं. सुपारीएवढी गाठ, वर ताप. घरापासून एवढ्या लांब मरायचं नाही म्हणून मी पिशवी भरली. बाईंनी पडवीतच अडवलं. गाठ चाचपून त्यांचा चेहरा असा फुलला, जणू मी मॅट्रिक झालो. "पळतोस कुठे मेल्या? आत तुझ्यासाठी सभा भरलीय." मग पंजा फाकवून सांगितलं, या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात, कोवळ्या असतानाच घर सोडतात आणि कातडीत हातपाय पसरून पहाऱ्याला बसतात. घुसखोर आला की त्याला गिळायचं, त्याचा तुकडा अंगावर मिरवत काखेतली गाठ गाठायची आणि तिथल्या लढवय्या पेशींना दाखवायचं, हाच तो, ओळखून ठेवा. एवढं शिकवून मला रिक्षात कोंबलं आणि डॉक्टरकडे नेलं. आईनंही असंच केलं असतं, फक्त शिकवलं नसतं.

यंदा बाईंच्याच हाडांचा मगज रुसला. नव्या पेशी होईनात. मुलगा पुण्याहून न्यायला आला. "भरती बंद झाली म्हणून चौकी सोडू?" म्हणाल्या, आणि इथल्याच इस्पितळात दाखल झाल्या. रक्त चढत असताना नर्सला पंजा दाखवायला गेल्या, सुई हलली, बोलणी खाल्ली.

परवा डब्यात पेज घेऊन गेलो तर त्यांना हात उचलवत नव्हता. वाटलं, आज वर्ग नाही. "तुझा हात आण," म्हणाल्या. माझी बोटं एकेक करून फाकवली आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे वळवली. "आता तू सांग."

"कोवळी असतानाच घर सोडते," इथवर आलो आणि मोकळ्या हातानं डब्याचं झाकण चाचपायला लागलो.

बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "पुढे बोल. घाबरत घाबरत का होईना, पहाऱ्याला बसते. तुझ्यासारखी."

माझा पंजा त्यांनी सोडला नव्हता.