डबल बेलची बाबागाडी

बत्तीस वर्षं मी सरकारी बस हाणली. बेळगाव-निपाणी, निपाणी-बेळगाव. तवंदीचा घाट धुक्यात उतरलो, उसाच्या ट्रॅक्टरांमागनं रांगत चढलो, पण गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. आणि निवृत्त झाल्यावर माझं लायसन्स जप्त केलं कुणी, तर माझ्या सुनेनं. तेही पायी फिरायचं!

झालं असं. नात चार वर्षांची, नातू दहा महिन्यांचा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. सून दवाखान्यात नर्स. रोज संध्याकाळी धाकट्याला कडेवर घेऊन आणि थोरलीला बोटाला धरून मी हिंडलग्याच्या बसथांब्यापर्यंत जायचो. तिथल्या कट्ट्यावर बसून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचो. कुठली बस वेळेवर आली, कुठला ड्रायव्हर गिअरशी कुस्ती खेळतोय, सगळं मी त्यांना समजावून सांगायचो. हॉर्न वाजला की धाकटा दोन्ही हात नाचवायचा. दिवसभरातला तो एक तास माझा होता.

एक दिवस थोरलीला रस्त्यापलीकडं कुत्र्याचं पिल्लू दिसलं आणि ती बोट सोडून सुसाट सुटली. कडेवर पोर, गुडघ्यात कळ, मी पळणार कसा? एका दुचाकीवाल्यानं कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचलो. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मीच सुनेला सगळं सांगितलं.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो, फिटंफाट झाली असती. पण ती शांतपणे म्हणाली, "मामा, हितनं पुढं दोघांना घेऊन रस्त्यावर जायचं न्हाय. अंगणात खेळवा."

अंगणात! पन्नास-पन्नास माणसं माझ्या भरवशावर खिडकीला डोकं टेकून घोरत गेलीत, आणि मला दोन पोरं झेपत न्हाईत? खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला लई राग आला होता.

पाच वाजले की धाकटा दाराकडं बोट करून माझ्याकडं बघायचा. जीव तुटायचा. शेवटी नाक मुठीत धरून मीच सुनेकडं गेलो. ती म्हणाली, "दोघं बसतील, पट्टा लागंल आणि तुमचे दोन्ही हात गाडीवर ऱ्हातील, अशी बाबागाडी गावली तर बघू." बघू म्हणाली! म्हणजे या वयात पुन्हा टेस्ट द्यायची.

तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही खडेबाजारात गेलो. मी, सून, माझी बायको आणि थोरली. धाकटा घरी बापाजवळ. बायकोच्या हातातल्या पिशवीचे बंद ताणलेले बघून मी विचारलं, "काय घेतलंयस गं एवढं जड?"

"तुमाला काय करायचंय? चला गप."

"बर्री अण्णा, बर्री," म्हणत दुकानदारानं कानडीत स्वागत केलं आणि एक गुलाबी, नाजूक गाडी दोन बोटांनी ढकलत आणली. "बघा, कशी लोण्यागत पळतीया!"

"अवो थांबा! रिकामी ढकलू नगा!" बायको एवढ्यानं ओरडली की अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

आमच्यात रिकामा पाळणा हलवत नाहीत, बाळाच्या पोटात दुखतं म्हणतात. आता पाळण्याला चाकं लागली म्हणून तिच्या लेखी काही बदललं नव्हतं. तिनं पिशवीतनं घरचा वरवंटा काढला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात निजवतात, तोच. त्याला घालायला टोपडंसुद्धा आणलं होतं! सुनेनं कपाळाला हात लावला. "आत्या, हे दुकान हाय. बारसं न्हाय."

एरवी मी बायकोची यथेच्छ टर उडवली असती. पण त्या दिवशी, लग्नानंतर पहिल्यांदाच, मला तिचं शंभर टक्के पटलं. रिकामी गाडी काय, कुणीबी चालवतंय. गाडीचे गुण लोड भरल्यावर कळतात. मी म्हटलं, "निजव त्याला."

वरवंटा गुलाबी गाडीत मागच्या सीटवर निजला. मी दांड्याला नुसती पिशवी अडकवली, तर पुढची चाकं वर! घाटात ही गाडी आम्हाला उताणी पाडणार. नापास. दुसरीत दोन सीटा शेजारी-शेजारी होत्या. एका बाजूला वरवंटा ठेवला की ती तिकडंच ओढायची, जोडीतला एक बैल दमल्यागत. शिवाय सुनेनं घरच्या फाटकाचं माप दोरीला गाठ मारून आणलं होतं. गाडी गाठीच्या बाहेर वीतभर गेली.

तिसरी एकामागं एक सीटांची. दिसायला ओबडधोबड, पण चाकं दणकट आणि पायानं दाबायचा ब्रेक. मी ती दुकानासमोरच्या उतारावर नेली, ब्रेक दाबला आणि गदागदा हलवली. तसूभर सरकली नाही. टोपडं घातलेला वरवंटा आत निवांत. एव्हाना बघायला गर्दी जमली होती. त्यातला एकजण म्हणाला, "काय अण्णा, पोरगं लई शांत हाय की तुमचं!"

"आज्ज्यावर गेलंय," बायको म्हणाली. "नुसता दगड हाय." अख्खा खडेबाजार हसला, सूनसुद्धा.

आता थोरलीला बसवायचं होतं. तिनं हाताची घडी घातली. "मी न्हाय बसणार. मी काय बाळ हाय?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. पोरगी बसली नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर माझं उरलेलं म्हातारपण अंगणात. गोळी-बिस्किटाची लाच मी दिली नाही. असली लाच चार दिवस पुरते. कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसलो आणि म्हटलं, "बाळ कोण म्हणतंय तुला? मला कंडक्टर पायजे. कंडक्टर चढल्याबिगर गाडी हलत न्हाय, तसा कायदाच हाय."

तिनं विचार केला. "तिकिटं कोण फाडणार?"

"तूच."

"आणि घंटी?"

"तुझीच. एक वाजवलीस की मी थांबणार. डबल बेल दिलीस की निघणार. पण गाडी हुबी ऱ्हाऊन मी ब्रेक लावल्याबिगर कंडक्टर पट्टा सोडत न्हाय."

ती पुढच्या सीटवर चढली आणि पट्टा स्वतः खटकन लावला. मी शेजारच्या सायकलच्या दुकानातनं तिच्यासाठी घंटी आणली, आणि माझ्यासाठी एक छोटा आरसा.

"मामा, ही बस न्हाय," सून म्हणाली.

"ड्रायव्हरला मागचं दिसाय नको?" म्हणत मी तो दांड्याला बसवला.

दुसऱ्या दिवशी वरवंटा पाट्यावर परत गेला आणि त्याच्या जागी धाकटा बसला. ट्रिंग ट्रिंग! डबल बेल झाली, आम्ही निघालो. कोपऱ्यावर सवयीनं आरशात बघितलं, तर वीस पावलं मागं, केळीवाल्याच्या गाड्याआड, डोक्यावरनं ओढणी घेतलेली आमची सूनबाई! नोकरीत साध्या कपड्यांतला तपासनीसही मला असाच लांबनं ओळखू यायचा. मी दांड्यावरचे हात तेवढे घट्ट केले.

आणि नेमकं तेच पिल्लू आलं. थोरली पट्टा ताणून सीटवर अर्धी उठली. आरशात सून धावली. तेवढ्यात एक घंटी वाजली. मी थांबलो, ब्रेक दाबला.

"आज्जा, पॅसिंजर हाय," थोरली म्हणाली. पट्ट्यातनंच वाकून तिनं पिल्लासमोर कडुलिंबाचं एक पान टाकलं, तिकीट म्हणून. मग डबल बेल. आरशातली सून छातीवर हात ठेवून रस्त्यातच उभी होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती मागं होती, पण बरीच लांब.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर आलो. आरशात केळीवाला, एक गाय आणि रिकामा रस्ता. मी आरसा पुसला, वाकडा केला, परत सरळ केला. मागं कुणी नव्हतं.

"आज्जा, कवाची डबल बेल दिलीया! चला की!" कंडक्टर ओरडली. धाकट्यानं हात नाचवले. डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात गाडीवर होते. तसाच निघालो.