बिरोज्याचा धूप

सासूबाईंच्या रेडिओतली एक तार तुटली होती, आणि ती मी जेमतेम दीड महिन्यात जोडून दिली.

रेडिओ सासऱ्यांच्या वेळचा. रोहण्याला, गावी, वांग्याच्या वावरात तो कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला असायचा आणि खाली ही दोघं वांगी तोडायची. सासरे गेल्यावर सासूबाई वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्याकडे राहायला आल्या, सोबत रेडिओ आला. मग एक दिवस बटनामागची तार तुटली आणि तो मुका झाला. तरी सासूबाई रोज पहाटे त्याला पदराने पुसायच्या, खिडकीत ठेवायच्या आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायच्या.

"याचा आवाज नाई आला तं मले सकाळ झाल्यावानीच वाटत नाई," त्या एकदा म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "बाजारात देऊन देतो. दहा मिनिटाचं काम हाये."

"कुठे द्यायचा नाही," मी म्हटलं. "मीच कथलाचा डाग देऊन करीन."

(मला लहानपणापासून हातात सोल्डरिंग आयर्न धरून बारीक काम करायची हौस होती. माहेरी ती करंटच्या भीतीने दाबली गेली. सासरी आता ती उसळून वर आली.)

आधी सामान निवडायचं. इथेच माझा घात झाला. मी मोबाइलवर बघायला लागले, आणि काय सांगू, एवढं सुंदर सामान जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. टोकदार टिप, चपटी टिप. आयर्न ठेवायला स्प्रिंगचं स्टँड, टोक पुसायला ओला स्पंज, कथलाची चांदीसारखी तार. एकेका वस्तूपाशी माझी तंद्री लागायची. मला दिसायचं, संध्याकाळची वेळ आहे, दिव्याखाली मी बसले आहे, धुराची एक बारीक रेघ वर चालली आहे आणि दाराबाहेर रोहण्याची माणसं आपापले रेडिओ घेऊन रांगेत उभी आहेत. तेवढ्यात दूध उतू जायचं.

पतसंस्थेत मी काउंटरला बसते. एका गृहस्थाने पैसे काढायची स्लिप पुढे केली, तर मी स्वप्नातूनच विचारलं, "टोकदार हवी की चपटी?" ते स्लिप घेऊन दुसऱ्या खिडकीला गेले.

"तू रेडिओ दुरुस्त करतं का कारखाना टाकतं?" नवऱ्याने विचारलं.

शेवटी सासूबाईंनीच मुदत घातली. शुक्रवारी त्या वांग्याच्या तोडणीला रोहण्याला जाणार होत्या, रेडिओसकट. "बोलला तं बोलला, रंजना. नाई तं मुकाच नेतो. तू जीवाले लावून नको घेऊ." त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

बुधवारी वर्ध्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "काय काम करता मॅडम?"

"सर्किटचं असतं आमचं," मी म्हटलं. (एक तार!)

"मंग पच्चीस वॅटचंच आयर्न घ्या. मोठं घेतलं तं सर्किटची पट्टी उपडून येते. अन् बिरोजा घेऊन जा, त्याच्याबिगर कथील चिपकतच नाई." असं म्हणून त्याने पाइनच्या झाडाच्या डिंकाचे पिवळसर, काचेसारखे खडे कागदात बांधून दिले. कथलाआधी गरम टोक त्यात बुडवायचं. मी ते खडे घरी येईपर्यंत उन्हात धरून पाहत होते. बस माझ्या स्टॉपच्या पुढे निघून गेली.

गुरुवारी संध्याकाळी मांडामांड केली. आयर्न तापलं. हात पुढे केला तर बिरोजा जागेवर नाही. आणि घरभर असा काही वास सुटला होता, जणू मी कुठल्यातरी डोंगरातल्या जंगलात बसले आहे. मी डोळे मिटून दोन श्वास घेतलेही. मग डोळे खाडकन उघडले.

सासूबाई धुपाटणं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होत्या. करवंटीच्या निखाऱ्यांवर माझा बिरोजा फुलला होता.

"आई, हे काय केलं?"

"धूप टाकला, गुरुवार हाये ना. कुठून आणली वं ही राळ? रोहण्याले अशी भेटतच नाई."

"आई, ती राळ नाही, डागाचं सामान आहे."

"असन. देवाले आवडली."

धूर इतका दाटला की शेजारच्या पुष्पाताई आल्या. "पूजा ठेवली अन् आमाले सांगतलं बी नाई?" त्यांच्यामागून आणखी तिघी आल्या. सतरंजी अंथरावी लागली. सासूबाईंनी आरती सुरू केली. एवढ्यात नवरा आला, त्याला खिडकीतून धूर दिसला, बायकोने घर पेटवलं या खात्रीने त्याने मेन स्विच पाडला. अंधार झाला. समईच्या उजेडात धूर हळूहळू तरंगत होता, बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि मलासुद्धा क्षणभर रेडिओचा विसर पडला.

लाइट आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आई, एखादा खडा उरला का?"

त्यांनी देव्हाऱ्यातून एक काढून दिला. "देवाचा हाये. जपून वापरजो."

मी गरम टोक खड्याला लावलं. धुराची रेघ वर गेली, अगदी स्वप्नातल्यासारखी. आणि सगळ्या बायकांनी माझ्या आयर्नला हात जोडले. आता सांगा, अशाने कोणाचं कथलाकडे लक्ष राहील? बटनामागच्या तारेवर कथलाचा हरभऱ्याएवढा गोळा पडला. सेल घातले, आणि रेडिओ गायला लागला. सासूबाईंनी तो छातीशी धरला. त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले.

मग त्यांनी बंद करायला बटन फिरवलं. रेडिओ गातच राहिला. माझ्या गोळ्याने बटनाची दोन्ही टोकं कायमची जोडून टाकली होती. आता सेल काढल्याशिवाय तो गप्प बसत नाही.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बंद कायले करा लागते त्याले?"

तोडणी चालू आहे तोवर सासूबाई रोहण्यालाच आहेत; त्यांचा फोन येतो तेव्हा मागे गाणं चालूच असतं. "रंजना, राळ संपली. वावराच्या शेजारणींले बी पाह्यजे. पुड्या धाडजो." मी एसटीने पाठवते.

परवा त्याच दुकानात गेले तर एकजण टीव्हीचं सर्किट घेऊन उभा होता. दुकानदार त्याला म्हणाला, "मॅडमले दाखवा. साऱ्या वर्ध्यात यायच्याएवढा बिरोजा कोणालेच लागत नाई. लय मोठं काम हाये मॅडमचं."

त्याने सर्किट अदबीने माझ्यापुढे धरलं. मी चष्मा सारखा केला, ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हटलं, "सध्या हातात फार काम आहे हो." मग बिरोजा पिशवीत टाकला आणि घाईने निघाले. गुरुवार होता, आणि घरी बायका आरतीला जमायची वेळ होत आली होती.