इवारच्या नातवाचा बाप

आखातातली शुक्रवारची सुट्टी, म्हणून नाश्ता उशिरा. मी तव्यावर पहिलं घावन घातलं आणि दारावर थाप पडली. चौथ्या मजल्यावरचे मोरेश्वर भावजी. हातात मंडळाच्या स्मरणिकेचं कच्चं पान.

"वहिनी, हे तुम्ही पाहिलंत?"

पाहिलं होतं. प्रुफं मीच तपासते. 'डब्लिन आणि यॉर्कचे व्हायकिंग राजे', सोबत त्यांची वंशावळ, लेखक शरद. दोन वेलांट्या सुधारून बुधवारी पाठवूनही दिलं होतं.

"ही वंशावळ माझी आहे."

भावजी रिफायनरीत एकवीस वर्षं पाइपांचे नकाशे काढतात. जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिला नाही, तो पाइप कागदावर येत नाही, ही त्यांची शिस्त. एका आयरिश सहकाऱ्यानं त्यांना या राजांचा नाद लावला. मग अकरा वर्षं, ड्युटीवरून आलं की जुन्या आयरिश बखरींची भाषांतरं वाचायची. सिट्रिक राजानं आधी डब्लिनवर राज्य केलं, मग यॉर्कवर. पण बखर त्याला नुसता 'इवारचा नातू' म्हणते; इवार हा घराण्याचा मूळपुरुष. बाप कोण, की नातं आईकडून, कुठेच नाही. म्हणून भावजींनी दोघांमधली चौकट कोरी ठेवली. कागद दाखवला एकट्या शरदला; इथं नवे असताना मिरकाब भागात दोघं एका खोलीत राहिलेले, तेव्हापासूनचा मित्र.

आता त्या चौकटीत एक नाव होतं.

मी शरदला फोन लावला, स्पीकरवर.

"अरे मोऱ्या, कोरं खोकं बघून लोक म्हणाले असते, प्रेसवाल्यानं माती खाल्ली! टाकलं एक शोभेलसं नाव. हजार वर्षांपूर्वी मेलेला माणूस, कोण येतंय भांडायला?"

"आणि वर तुझं नाव?"

"तू कधी छापणार होतास? ऐंशीव्या वर्षी?" शरद हसला. "दुपारी जेवायला ये, पापलेट आणलंय."

भावजींनी फोन बंद केला. पुढ्यातल्या चहावर साय धरली, तरी कप उचलला नाही.

"त्याला बजावलं होतं, ही जागा भरायची नाही. नेमकी तीच भरली."

मला माझीच लाज वाटली. वेलांट्या तेवढ्या दिसल्या होत्या मला.

"पान दुपारी छापायला जातंय," मी म्हटलं. "तुमचं नाव घालून घेते. समितीशी मी भांडेन."

"नको. त्याचंच राहू दे." त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "सिट्रिकच्या बापाचं नाव तेवढं काढा, वहिनी."