कंबर पडलेला बटाटा

यंदाच्या पौषातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सहा ते दहाच्या पाळीत, आमच्या थोरल्या मामांचं पाणी चोरीला गेलं. अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात यांच्याइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि लुबाडले गेले तेही नेमके हेच.

कालव्याची चारी जिथं संपते तिथं मामांचा अर्धा एकर बटाटा. चारीच्या वरच्या अंगाचा कुणीही शेतकरी भेटला, की रामराम घालायच्या आधी मामा त्याचे पाय बघतात. घोट्याला चिखल दिसला, की "पाळी न्हाय आन् रान वलं कसं रं?" ताईच्या साखरपुड्यात तर त्यांनी व्याह्यांना बूट काढायला लावले. मी सख्खा भाचा, पाण्यासाठी पत्रकं वाटत फिरणारा, तरी मलाही विचारलंच, "कागुद कुणाच्या पैशानं छापला?"

त्या मंगळवारी चारी कोरडीच राहिली. बटाटे पोसायचे ऐन दिवस. पाणी तुटलं तशी वाढ थांबली. पुढच्या पाळीला आलं तेव्हा त्याच बटाट्याला टोकाकडून नवी वाढ फुटली आणि मधे कंबर पडली. पाटबंधारे कचेरीच्या वहीत मात्र त्या दिवशी पाणी "पोचलं". मामांनी चार बटाटे पिशवीत घातले आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "चला की संगट."

"आमचं पाय बगून झालं व्हय?" एवढंच उत्तर आलं. कुणी उठलं नाही. मामांबरोबर गेलो तो मीच.

कचेरीत साहेबांनी बटाटा फिरवून पाहिला. "बियाणंच वाकडं असेल, मामा."

"सायेब, ह्यो भाग आदीचा, ह्यो मागनं वाढल्याला. मदी तुमचा मंगळवार हाय."

"एकाच रानातला बटाटा पुरावा होत नाही."

घरी आलो तर मामींनी टोपलीत उरलेल्या पुराव्याचा रस्सा केलेला. मामांचे डोळे बारीक झाले. "तुला कुणी फितवलं गं?"

"पुराव्यापायी घरदार उपाशी ठिवू? जेवा गप."

ते जेवले नाहीत. ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "समद्यांवर वहीम घेतला. आता येकट्याचं कोण ऐकतंय?" मामांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून हे पत्रक. वहीतली ती ओळ खोडली नाही, तर पुढची पाळीही कागदावरच पोचेल. चारीच्या शेवटाला बटाटा असलेल्यांनो, आजच एक झाड उपटून बघा. कंबर दिसली तर बटाटा घेऊन येत्या सोमवारी सकाळी अकराला कचेरीच्या दारात या. मामांशी भांडायचं असेल तर परतताना भांडा. आत जाताना त्यांच्या शेजारी उभे राहा.